जिन्यातली ती दोघं

पत्र बेल्जियममधल्या गेंट शहरातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या सातारच्या, नोकरीनिमित्त नवरा-बायको नऊ वर्षं तिथे आहेत. ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहतात, त्या घरमालकीण आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आता घर विकून वृद्धाश्रमात जायचं त्यांनी ठरवलं आहे. जिन्याच्या वळणावर दोन जुनी तैलचित्रं टांगलेली आहेत : एक पुरुष, एक बाई, दोघांचे कपडे काळे, गळ्याभोवती चुण्यांची मोठी पांढरी कॉलर. ही सतराव्या शतकातली, नामवंत चित्रकार व्हॅन डाइकच्या एका शिष्याने काढलेली, असं त्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात. आजींनी ती ताईंना विकत देऊ केली आहेत. जोडी घेतली तर चौदा हजार युरो, फक्त बाईचं चित्र घेतलं तर आठ हजार. हाताशी पैसे आहेत, पण ते पुण्यातल्या फ्लॅटसाठी साठवलेले. नवरा म्हणतो, यासारखी गुंतवणूक नाही. सासूबाई फोनवर म्हणतात, "दुसऱ्यांचे पितर आपल्या भिंतीवर कशाला?" ताईंचं मन मात्र त्या बाईपाशी अडकलं आहे. मुलगी तान्ही असताना रात्री-अपरात्री तिला खांद्यावर घेऊन त्या त्याच जिन्यात फेऱ्या घालायच्या. "तिचा चेहरा माझ्या आजीसारखा आहे," असं त्या लिहितात. त्यांचे प्रश्न तीन. चित्रं खरी आहेत हे कसं कळायचं? एकटीलाच घेतलं तर चालेल का? आणि इतका जीव लावणाऱ्या आजींपाशी तपासणीचा विषय काढणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नाही का?

प्रिय ताई,

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझं मत पक्कं आहे. एकटीला घेऊ नका.

ही दोन चित्रं नाहीत, एकच चित्र दोन चौकटींत आहे. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या तुमच्या भागात, नवरा-बायकोची अशी जोडचित्रं काढायची मोठी परंपरा होती. तिथली ती 'फ्लेमिश' कला. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला नवरा, उजव्या हाताला बायको, दोघं एकमेकांकडे किंचित वळलेली. म्हणजे बायको नवऱ्याच्या डाव्या बाजूला येते. आपल्याकडे जिला वामांगी म्हणतात, तीच जागा. तुमच्याच गावात सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइक बंधूंचं १४३२ सालचं वेदीचित्र आहे. दारांसारख्या मिटणाऱ्या त्याच्या पंखांच्या बाहेरच्या बाजूला ते चित्र करवून घेणारं जोडपं गुडघे टेकून बसलेलं दिसतं. डावीकडे योस व्हाइट, उजवीकडे त्याची बायको एलिझाबेथ बोर्लूट. एकदा जाऊन शांतपणे बघा, आणि मग जिन्यातल्या दोघांकडे बघा. तुमची बाई किंचित डावीकडे वळून पाहत असेल, तर ती कोणाच्या दिशेने वळली आहे हे तुम्हाला दिसेल.

अशा जोड्या फुटतात त्या बहुतेक बाजारात. देखण्या, तरुण बाईच्या चित्राला गिऱ्हाईक लवकर मिळतं, काळ्या कपड्यातला करड्या दाढीचा नवरा मागे राहतो. पंधराव्या शतकातल्या हान्स मेमलिंग या चित्रकाराने काढलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यातला नवरा आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे आणि बायको पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये. याच्या उलटही घडलं आहे. शेजारच्या हॉलंडमध्ये रेम्ब्रांटने १६३४ मध्ये मार्टेन सोलमान्स आणि ओप्येन कोपित या नवरा-बायकोची पूर्णाकृती चित्रं काढली. २०१६ मध्ये ती विकली गेली तेव्हा ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि लूव्ह्र यांनी मिळून १६ कोटी युरो दिले. आलटून पालटून दोन्हीकडे दाखवायची, पण नेहमी एकत्रच, असं त्यांनी ठरवलं. तुमच्या जिन्यातली दोघं रेम्ब्रांटची नाहीत, पण त्यांना हाच न्याय लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं. शिवाय व्यवहार म्हणूनही एकटीला घेणं नुकसानीचं आहे. जोडी फोडली की दोन्ही चित्रांची किंमत उतरते, आणि ते नुकसान आजींच्याही वाट्याला येतं.

आता "खरी आहेत का" हा प्रश्न. त्यात चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते सुटे केले नाहीत तर कोणीही तुम्हाला काहीही पटवून देईल. चित्रं खरोखर त्या काळातली आहेत का? त्या प्रदेशातली आहेत का? कोणी काढली? आणि त्यातली माणसं कोण? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. तिसऱ्याचं क्वचितच मिळतं, कारण त्या काळातली असंख्य व्यक्तिचित्रं सही न करता कार्यशाळांतून बाहेर पडली. चौथ्याचं मिळालं तर भाग्य.

व्हॅन डाइकच्या शिष्याची गोष्ट मनात प्रेमाने ठेवा, पण तिच्यासाठी एक युरोही जास्त मोजू नका. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांमध्ये पेशव्यांनी दिलेली तलवार असते, तशीच ही गोष्ट. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याने ती तशीच ऐकलेली असते. व्हॅन डाइक १५९९ चा, फ्लँडर्समधल्याच अँटवर्प शहराचा. १६३२ मध्ये तो लंडनला राजाच्या पदरी गेला आणि १६४१ मध्ये वारला. त्याच्या भोवती, मागे आणि नंतर त्याच्या धाटणीत काढणारे खूप होते. म्हणून लिलावघरांच्या यादीतले शब्द नीट वाचायला शिका. नुसतं चित्रकाराचं नाव लिहिलं असेल तर चित्र त्याचंच आहे असं त्यांचं मत. 'ॲट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेत, कदाचित त्याच्या नजरेखाली काढलेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच काळातला, त्याच्या प्रभावाखालचा कोणीतरी. 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्याच्या वळणावर जाणारा, पण शिष्य असेलच असं नाही. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या धाटणीचं, पण नंतरच्या काळातलं. 'आफ्टर' म्हणजे नक्कल. आणि काहीच कळलं नाही तर प्रामाणिकपणे 'फ्लेमिश स्कूल, सतरावं शतक' असं लिहितात. तुमच्या चित्रांना हे शेवटचं लेबल मिळालं तरी वाईट वाटून घेऊ नका.

कपड्यांवरून काळ ठरवण्यात एक फट राहते. चुण्यांची ती चक्रासारखी कॉलर सतराव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत जोरात होती, वयस्क बायकांनी ती पुढेही सोडली नाही. पण कपडे एवढंच सांगतात की चित्र त्याआधीचं नाही. नंतरचं असू शकतं. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर जुन्या फ्लेमिश कलेचं वेड आलं आणि जुन्या ढंगाची चित्रं, नकला खूप निघाल्या. पुढे येफ व्हान डर व्हेकन नावाचा कसबी दुरुस्तीकार झाला. जुन्या फळ्यांवर तो जुनी वाटणारी नवी चित्रं रंगवत असे. गेंटच्या त्याच वेदीचित्रातली १९३४ मध्ये चोरीला गेलेली 'न्यायी न्यायाधीशां'ची फळी अजून सापडलेली नाही. तिच्या जागी आज दिसते ती त्याच्याच हातची नक्कल.

तज्ज्ञाकडे जाण्याआधी तुम्ही स्वतः बघू शकता असं बरंच आहे. चित्रं खाली उतरवा आणि आधी पाठ बघा. चेहरा बोलतो तितकं चित्र पाठीवरून बोलतं. जुने कागदी शिक्के, लाखेच्या मोहरा, खडूचे आकडे, एखादं नाव, सगळ्याचे फोटो काढा, काहीही सोलू नका. चित्र लाकडी फळीवर असेल आणि फळीवर किल्ला आणि दोन हात असा शिक्का असेल, तर फळी अँटवर्पची. तिथल्या चित्रकारांच्या संघात १६१७ पासून फळ्या तपासून त्यावर असा शिक्का मारायचा नियम होता. ओकच्या फळीचं आणखी एक सुख आहे. झाडाची वर्तुळं मोजून ते लाकूड कोणत्या सालाआधी तोडलेलं असूच शकत नाही, हे सांगता येतं. चित्र कापडावर असेल तर मागे दुसरं, त्यामानाने नवं कापड चिकटवलेलं दिसेल. घाबरू नका. कुजू लागलेल्या कॅनव्हासला असं अस्तर देण्याची पद्धतच होती. कापड ज्यावर ताणलेलं असतं त्या लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांत पाचरा असतील तर तो सांगाडा बहुधा अठराव्या शतकाच्या मध्यानंतर बदललेला आहे. चौकटी तर जवळजवळ नेहमीच नंतरच्या असतात.

मग दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. मापं एक आहेत का, कापडाची वीण सारखी आहे का, पार्श्वभूमीचा तपकिरी रंग जुळतो का, उजेड एकाच बाजूने पडतो का? हे का विचारते? जुन्या वस्तूंच्या धंद्यात दोन वेगळ्या घरांतल्या वस्तू जुळवून जोडी म्हणून विकतात, आणि त्या प्रकाराला 'लग्न लावणं' असंच म्हणतात. तुमच्या जिन्यातलं लग्न चित्रकाराने लावलेलं आहे की एखाद्या व्यापाऱ्याने, हे किमतीच्या दृष्टीनेही मोठं आहे. वरच्या कोपऱ्यात 'एटाटिस सुए' अशी लॅटिन अक्षरं आणि आकडा दिसला तर तो त्या माणसाचं वय सांगतो. शेजारी घराण्याचं चिन्ह असेल तर नावाचा धागा मिळू शकतो. पण अशी चिन्हं कित्येकदा मागाहून रंगवलेली असतात.

हे मागाहून रंगवणं ओळखायला अतिनील किरणांचा साधा टॉर्च पुरतो. अंधाऱ्या खोलीत धरला की जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर मारलेले रंग काळ्या डागांसारखे उठतात. डाग दिसले म्हणून चित्र खोटं ठरत नाही. गेंटच्या त्या वेदीचित्राची २०१२ पासून दुरुस्ती सुरू झाली तेव्हा बाहेरच्या फळ्यांचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग नंतरच्या हातांनी रंगवलेला निघाला. व्हॅन आइकची ही गत, तर जिन्यातल्या अनामिकांची काय कथा! फक्त चेहरा आणि हात किती मूळचे उरले आहेत ते बघा, कारण व्यक्तिचित्राचा जीव तिथे असतो. आणि कृपा करून ओल्या फडक्याने, पावाने, बटाट्याने चित्र पुसायचे जे उपाय लोक सांगतात, त्यातला एकही करू नका.

यापुढे तज्ज्ञ. हेगमधल्या आरकेडी या कला-इतिहासाच्या संस्थेचा आणि ब्रुसेल्सच्या केआयके-इर्पा या शाही संस्थेचा चित्रसंग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. शेकडो जुनी व्यक्तिचित्रं नजरेखालून घाला. महिनाभरात तुमची नजर बदलेल. नंतर एक स्वतंत्र मूल्यांकनकार गाठा, जो स्वतः चित्रं विकत घेणारा नसेल. त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या, अवस्था आणि आजच्या लिलावातली अंदाजे किंमत. रंगांची रासायनिक तपासणी महाग पडते, ती सुरुवातीलाच करायची गरज नाही. ती काय सांगते एवढं माहीत असू द्या. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला, टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. कॉलरच्या मूळ थरातच तो पांढरा सापडला, तर विषय संपला.

किमतीबद्दल सरळ सांगते. चित्रकार अनामिक, माणसं अनामिक, अशा काळ्या कपड्यांतल्या जोड्या लिलावात बऱ्याचदा काही हजार युरोंत जातात. त्या हिशेबाने चौदा हजार हा आकडा मला चढा वाटतो. तुमच्या यजमानांच्या गुंतवणुकीबद्दल म्हणाल, तर उद्या विकायला गेलात की लिलावघर तुमच्याकडून कमिशन घेणार आणि घेणाऱ्याकडून साधारण पाव हिस्सा वर लावणार. किंमत बरीच वाढल्याशिवाय तुमचे पैसेही निघणार नाहीत. फ्लॅटच्या पैशांना हात लावू नका. जी रक्कम कधीच परत आली नाही तरी घरात कुरकुर होणार नाही, तेवढीच इथे घाला. जुनं म्हणजे महाग आणि फ्लेमिश म्हणजे वाढत जाणारं, हा समज बाजारात टिकत नाही.

पण ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. तुम्ही फक्त एका बाजूने विचार केला आहे : आपण फसलो तर? दुसरी बाजूही बघा. समजा ती चित्रं कोर्नेलिस दे व्होससारख्या अँटवर्पच्या नामवंत चित्रकाराची निघाली, तर? मग चौदा हजारांत घेऊन तुम्ही चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं मोठं नुकसान केलेलं असेल. ज्या जिन्यात तुमची मुलगी झोपी गेली, त्या घरावर असा व्यवहार तुम्हाला नको असेल, हे तुमच्या पत्रावरून मला कळतं. तपासणी तुमच्याइतकीच त्यांच्या रक्षणासाठी आहे. तसंच सांगा त्यांना : "आजी, ही तुमच्या घरची आहेत. यांचं मोल काय ते आपण दोघी मिळून जाणून घेऊ, खर्च अर्धा-अर्धा करू." यात अविश्वास कुठे आला? मला तर यात मायाच दिसते.

त्यांच्या मुलांना हे माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. विचारा. आईने जिन्यातली चित्रं भाडेकरणीला विकली, हे मुलांना घर रिकामं करताना कळलं, तर तुम्ही कितीही सरळ वागलेल्या असलात तरी संशय येणार. कायद्याचीही गुंतागुंत होऊ शकते. मुलांची लेखी संमती, चित्रांच्या फोटोंसह साधा करार, आणि पैसे बँकेतून. त्याच करारात चित्रं घरात कधी आणि कशी आली हे लिहून घ्या. १९३३ ते १९४५ या काळात ती कोणाकडे होती, हे मुद्दाम विचारा. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यात असताना बेल्जियममधल्या ज्यू कुटुंबांची घरं लुटली गेली, आणि लुटीतल्या वस्तूंचे खरे वारस आजही शोध घेत असतात. आजींच्या आजोबांपासून चित्रं याच घरात असतील तर काळजी मिटली. लढाईच्या दिवसांत कुठून "स्वस्तात मिळाली" असं निघालं, तर तिथेच थांबा आणि चोरीच्या व लुटीच्या कलावस्तूंच्या नोंदी तपासून घ्या. इंटरपोलचं त्यासाठी आयडी-आर्ट नावाचं मोफत ॲप आहे.

सासूबाईंचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या घरात भिंतीवरचा माणूस म्हणजे गेलेला माणूस, त्याला हार, त्याची तिथी. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना घरात घ्यायचं म्हणजे मनाला लागणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, व्हिडिओ कॉलवर त्यांना ती बाई नीट दाखवा. देवघराजवळ नाही, जाण्या-येण्याच्या जागी लावू, असं सांगा. आणि एक गोष्ट जरूर दाखवा. तिच्या बोटात किंवा गळ्यात चौकोनी, काळपट दिसणारा खडा असेल, तर तो बहुधा हिरा आहे. त्या काळच्या सपाट पैलूंचे हिरे चित्रकार असेच काळे रंगवत. आणि अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत युरोपात पोचणारे जवळजवळ सगळे हिरे आपल्याकडचे, त्यातले कितीतरी दख्खनच्या खाणींतून गोव्यामार्गे लिस्बनला आणि तिथून अँटवर्पला गेलेले. फ्लँडर्समधल्याच ब्रुज शहराचा याक दे कुत्र हा रत्नांचा व्यापारी याच धंद्यापायी गोव्यात राहिला, तिथेच लग्न केलं, आणि १६२३ मध्ये पोर्तुगीजांनी त्याला तिथून हाकललं. म्हणजे ती बाई दिसते तितकी परकी नाही.

चित्रं पुढेमागे पुण्याला न्यायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. पश्चिम युरोपच्या हवेत चारशे वर्षं काढलेल्या कॅनव्हासला जुलै-ऑगस्टचा दमटपणा सोसत नाही. अस्तराच्या खळीवर बुरशी धरते. कायद्याचंही बघा. युरोपीय संघाबाहेर नेताना पन्नास वर्षांहून जुन्या आणि दीड लाख युरोंच्या वरच्या चित्रांना निर्यात परवाना लागतो, आणि फ्लँडर्सची स्वतःची महत्त्वाच्या कलाकृतींची संरक्षित यादी आहे. तुमची जोडी त्यात बसण्याची शक्यता कमी, पण खात्री करून घ्या. भारतात आणल्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा वकिलाकडून समजून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणजे परतीचा रस्ता बंद होऊ शकतो.

ज्या वाचकांच्या घरात इथेच जुनी तैलचित्रं आहेत, किंवा ज्यांना मुंबईत कोणी "युरोपियन अँटिक" म्हणून जोडी दाखवली आहे, त्यांनीही पाठ, टॉर्च आणि लेखी मूल्यांकन हा क्रम सोडू नये. दुरुस्तीची गरज असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात आधी विचारावं. टाटा बंधूंनी दिलेली युरोपियन चित्रं तिथे पाहायलाही मिळतात. चौकट बनवणाऱ्याच्या हाती चित्र "जरा साफ करायला" देऊ नये.

तर ताई, मूल्यांकन तुमच्या आवाक्यात आलं तर जोडी घ्या, हवं तर हप्त्यांनी. आजी माणसं ओळखतात, ऐकतील. आवाक्याबाहेर गेलं तर आजींना लिलावघरात घेऊन जा आणि दोन्ही चित्रं एकाच लॉटमध्ये विकायची, अशी अट करारात घालून घ्या. मग ती कोणाकडेही गेली तरी एकत्र जातील. तुम्हाला त्या बाईचा चांगला, मोठा फोटो काढून घेता येईल, मुलीला खांद्यावर घेऊन त्याच पायरीवर.

या शनिवारी एवढंच करा. यजमानांच्या मदतीने दोन्ही चित्रं हळूच उतरवा, स्वच्छ चादरीवर भिंतीला टेकवून ठेवा, पाठी तुमच्याकडे करून. आजींसाठी जिन्यात खुर्ची आणून ठेवा. त्यांना काय काय आठवतं ते आधी ऐकून घ्या, मोजपट्टी नंतर काढा.